‘आता माझ्यावाचून कोणाचं अडतंय?’ : निवृत्तीनंतर आणि आजारपणानंतर हरवणारा जगण्याचा हेतू

अँजिओप्लास्टीला तीन महिने झाल्यावर एक गृहस्थ मुलीसोबत तपासणीला आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ५९. वीजपुरवठ्याच्या खात्यात लाइनमन म्हणून ३४ वर्षे नोकरी, ५८व्या वर्षी निवृत्ती आणि वर्षाच्या आत हार्ट अटॅक. इको चांगला, रक्तदाब आटोक्यात, कोलेस्टेरॉल हवे तेवढे खाली आलेले. मी समाधानाने फाइल मिटणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “डॉक्टर, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मग बाबा दिवसभर खिडकीपाशी नुसते बसून का असतात? पेपरसुद्धा उघडत नाहीत. आम्ही त्यांना कशाचाही त्रास होऊ देत नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात नेऊन देतो.”

मी त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, “साहेब, पावसात लाइन गेली की चार गावं माझी वाट बघायची. आता माझ्यावाचून कोणाचं काय अडतंय?”

हा प्रश्न ओपीडीत वेगवेगळ्या शब्दांत नेहमी येतो. निवृत्त शिक्षिका म्हणतात, “सकाळी उठायचं कशासाठी, तेच कळत नाही.” खुब्याचे हाड मोडून ऑपरेशन झालेल्या आजी म्हणतात, “मी आता नुसती खायला काळ.” पक्षाघातातून सावरलेले दुकानदार काहीच म्हणत नाहीत, फक्त फिजिओथेरपीला जायचे बंद करतात. घरच्यांना वाटते की हा वयाचा, स्वभावाचा किंवा हट्टीपणाचा भाग आहे. बऱ्याचदा जगण्याचा हेतू हातातून निसटलेला असतो, आणि त्याचा परिणाम प्रकृतीवर होतो.

याचा शरीराशी काय संबंध?

जपानमध्ये ‘इकिगाई’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. ज्याच्यासाठी सकाळी उठावेसे वाटते ते, असा त्याचा साधारण अर्थ. व्हॉट्सअॅपवर फिरणारी चार वर्तुळांची आकृती (आवड, कौशल्य, जगाची गरज, पैसा) तुम्ही पाहिली असेल. ती जपानी नाही. २०१४ मध्ये एका ब्रिटिश ब्लॉगलेखकाने हा शब्द दुसऱ्याच एका आकृतीत बसवला आणि ती जगभर गेली. जपानी माणसाचा इकिगाई कुंडीतली झाडे किंवा रविवारी येणारी नात एवढाही असू शकतो. त्यातून पैसा मिळावा अशी अट नाही.

जपानच्या ओसाकी भागातील सुमारे ४३ हजार प्रौढांना संशोधकांनी एकच साधा प्रश्न विचारला : तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का? नंतर सात वर्षे त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. हा फरक मुख्यतः हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांत दिसला, कॅन्सरमध्ये दिसला नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या जवळपास सात हजार लोकांच्या अभ्यासातही (२०१९) तशीच दिशा दिसली. शिकागोतील एका दीर्घ अभ्यासात वृद्धांची स्मरणशक्ती दरवर्षी तपासली गेली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूची तपासणी झाली. मेंदूत अल्झायमरच्या खुणा सारख्याच असूनही, आयुष्यात हेतू जाणवणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तुलनेने चांगली टिकलेली होती.

यावरून ‘हेतू सापडला की आजार बरा होतो’ असे कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नका. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ज्याची प्रकृती आधीच खालावते आहे त्याची उमेदही खालावते, म्हणजे उलट दिशेनेही गोष्टी घडत असतात. संशोधक त्याचा हिशेब धरण्याचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण धरता येत नाही. तरीही रोजच्या अनुभवातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्याला उद्याचे काही काम आहे तो गोळ्या वेळेवर घेतो, चालायला जातो, डोळ्यांची तपासणी पुढे ढकलत नाही. ज्याला उद्याचे काहीच नाही त्याला इन्सुलिन टोचून घेण्याचे कारण पटवणे फार अवघड जाते.

आधी हे तपासून घ्या

‘मन लागत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला छंद जोपासायला सांगणे ही चूक आहे. त्याआधी डॉक्टरांनी काही गोष्टी तपासायला हव्यात.

पहिली म्हणजे नैराश्य, म्हणजेच डिप्रेशन. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचांपैकी एकाला आणि पक्षाघातानंतर जवळपास तिघांपैकी एकाला ते होते. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटणे किंवा कशातच रस न वाटणे, त्यासोबत झोप व भूक बिघडणे, थकवा, अपराधीपणा, लक्ष न लागणे अशी लक्षणे असतील तर तो उपचार करण्याजोगा आजार आहे. त्याला गोळ्या आणि समुपदेशन लागते, उपदेश लागत नाही.

नैराश्य आणि उमेद खचणे यांत फरक असतो. उमेद खचलेला माणूस नातवाच्या खोडीवर अजून मनापासून हसतो, क्रिकेटचा सामना रंगून पाहतो. पण उद्याचा विचार आला की त्याला समोर भिंत दिसते. नैराश्यात आत्ताचा आनंदही जाणवत नाही. आवडती पुरणपोळी समोर असली तरी ती बेचव लागते. काही जणांत दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे घरच्या घरी निदान करत बसू नका.

दुसरी बाजू निव्वळ शारीरिक कारणांची. थायरॉइड कमी असणे, बी-१२ची कमतरता, हिमोग्लोबिन कमी, वाढलेली साखर, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडखळणे, या सगळ्यांत माणूस मरगळतो. ऐकू कमी येऊ लागले की वृद्ध गप्पांतून हळूहळू बाहेर पडतात आणि आपण म्हणतो, ‘त्यांना आता कशात रस नाही.’ निवृत्तीनंतर दारूचे प्रमाण वाढते, तेही विचारायला हवे. आणि दुःख अजिबात नाही, तक्रारही नाही, पण पुढाकार पार संपला आहे असे चित्र असेल तर स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन्सची ती सुरुवात असू शकते.

“देवाने आता उचलावं”, “मी गेलो की तुम्ही सुटाल” ही वाक्ये आपल्याकडे इतकी सर्रास बोलली जातात की घरातले ती कानाआड करतात. तसे करू नका. शांतपणे, थेट विचारा : “जीव द्यावासा वाटतो का? तसा काही विचार मनात आला आहे का?” विचारल्याने असा विचार डोक्यात भरला जात नाही. बहुतेकांना बोलता आल्याने मोकळे वाटते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके आणि जास्तीच्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

‘तुम्ही फक्त आराम करा’

लाइनमन काकांच्या तपासण्या झाल्या. नैराश्य नव्हते, थायरॉइड ठीक होते. मग मी त्यांच्या दिवसाची चौकशी केली. दूध आणायला नातू जातो. बँकेचे काम मुलगा मोबाइलवर करतो. किराणा घरपोच येतो. घरातला फ्यूज उडाला तेव्हा बाहेरून माणूस बोलावला, कारण ‘बाबांना ताण नको’. ज्याने ३४ वर्षे खांबावर चढून लोकांच्या घरात उजेड आणला, त्याच्या डोळ्यांदेखत परका माणूस येऊन फ्यूज बदलून गेला.

यात कोणाचाच हेतू वाईट नव्हता. माझाही त्यात वाटा होता. डिस्चार्जच्या कागदावर मीच ‘विश्रांती’ असे लिहिले होते, आणि ती कधी संपवायची ते लिहायचे राहून गेले. आम्ही डॉक्टर काय करू नका ते ठळक अक्षरांत लिहितो. काय करा, कधीपासून करा, हे बहुतेकदा तोंडी आणि घाईत सांगतो. खरे तर गुंतागुंत नसेल तर हार्ट अटॅकनंतर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत नेहमीच्या कामांकडे परतू शकतात, आणि पायऱ्याने वाढवलेला व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे नक्की विचारा : “आता यांना कोणकोणती कामं करता येतील?”

घरच्यांच्या प्रेमातून एकेक काम काढून घेतले जाते. माणसाला त्यातून वेगळाच अर्थ लागतो : माझ्याशिवाय सगळे व्यवस्थित चालते. बायकांच्या बाबतीत हे स्वयंपाकघरात घडते. गुडघे दुखतात म्हणून आईला ओट्यापासून दूर केले जाते आणि तिला ‘सुख’ दिल्याचे समाधान सगळ्यांना वाटते. चाळीस वर्षे घरातल्या प्रत्येकाला किती तिखट चालते हे जिला पाठ होते, तिला आता जेवायला हाक मारली जाते.

काम कोणते निवडावे?

हेतू विचार करकरून सापडत नाही. ‘माझ्या आयुष्याचा उद्देश काय’ असे खुर्चीत बसून स्वतःला विचारले तर खचलेल्या मनाकडून खचलेलेच उत्तर येते. आधी कृती करावी लागते, मन मागून येते. नैराश्याच्या मानसोपचारात हा क्रम मुद्दाम वापरला जातो : मूड येण्याची वाट न पाहता लहान कामे ठरलेल्या वेळी सुरू करायची.

मी एक कसोटी वापरतो. हे काम आज केले नाही तर कोणाचे तरी अडेल का? लसूण सोलायला दिला, पण सोललेला लसूण फ्रिजमध्ये आधीच आहे, तर ते काम नाही. ती वेळ घालवण्याची युक्ती आहे आणि वृद्धांना ती लगेच कळते. याउलट, भाजी निवडून झाल्याशिवाय सुनेचा डबा होत नाही, तर त्या भाजीमुळे आजींची सकाळ घड्याळाला बांधली जाते. बसून करता येते, गुडघ्यांवर ताण नाही, आणि चुकले तर बोलणीही खावी लागतात. बोलणी खाणे हा यातला महत्त्वाचा भाग आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, त्याच्यावर कोणी रागावत नाही.

काम शोधताना जुन्या आयुष्यात डोकावा. लोक यांच्याकडे कशासाठी यायचे? हिशेब तपासून घ्यायला, भांडण मिटवायला, अर्ज लिहून घ्यायला, बाळाला न्हाऊमाखू घालायला? नोकरी संपली तरी ती हातोटी संपलेली नसते. निवृत्त कारकुनाला शेजारच्या लोकांचे पेन्शनचे आणि हयातीच्या दाखल्याचे कागद लावून देता येतात. दिवस आणि वेळ ठरलेली असावी, आणि समोर वाट पाहणारे माणूस असावे. दोघांनी मिळून चालायला जाणे टिकते ते यामुळेच. कोपऱ्यावर दुसरा उभा असतो.

मात्र अडणे आणि अडकणे यांत फरक ठेवा. ‘आईला तेवढाच विरंगुळा’ म्हणून दोन वर्षांचे नातवंड रोज दहा तास तिच्या स्वाधीन करणे हा विरंगुळा नाही. रक्तदाब आणि पाठदुखी असलेल्या स्त्रीला तो पूर्ण वेळचा, बिनसुटीचा, बिनपगारी रोजगार आहे. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही, त्यातून उमेद मिळण्याऐवजी ती संपत जाते. रुग्णाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या पत्नीचेही असेच होते. तिचा हेतू एकाच माणसाभोवती गुंडाळला जातो, आणि तो माणूस गेल्यावर तिला सकाळी गोळ्या द्यायच्या वेळी जाग येते. आठवड्यातले दोन-तीन तास तरी तिचे स्वतःचे, घराबाहेरचे असावेत. ते तिला आधीपासून मिळायला हवेत.

अजून नोकरीत आहात?

कामाचा अर्थ निवृत्तीनंतरच हरवतो असे नाही. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधिकांनी रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. काहींच्या लेखी काम म्हणजे फरशी पुसणे एवढेच होते. काही जण मात्र तेच काम करताना रुग्णांशी बोलत, त्यांना काय हवे-नको ते पाहत आणि स्वतःला रुग्ण बरे करणाऱ्यांपैकी एक मानत. पद तेच, पगार तोच. आमच्या वॉर्डातल्या मावशी आणि मामांमध्ये हे मी रोज पाहतो. रात्री कोणता रुग्ण झोपला नाही, हे मला अनेकदा फाइलमधून न कळता मावशींकडून कळते. तुमच्या कामाचे शेवटचे टोक कोणत्या माणसापर्यंत पोहोचते, ते एकदा पाहून या. पण याचा उपयोग कमी पगार, जास्त तास किंवा अपमान गोड मानून घेण्यासाठी करू नका. तिथे प्रश्न अर्थाचा नसतो, वागणुकीचा असतो.

जे काहीच करू शकत नाहीत त्यांचे काय?

हा प्रश्न सर्वांत कठीण. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘कामाला लागा’ म्हणणे क्रूरपणाचे होईल. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझींच्या छळछावण्यांतून वाचले आणि १९४६ मध्ये त्या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्यांच्या मते अर्थ तीन वाटांनी येतो : काही करण्यातून, काही किंवा कोणी अनुभवण्यातून, म्हणजे प्रेमातून, आणि जे टाळता येत नाही त्याला सामोरे जाण्याच्या रीतीतून. पहिली वाट बंद झाली तरी उरलेल्या दोन उघड्या राहतात. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ विल्यम ब्राइटबार्ट यांनी याच विचारांवर गंभीर कॅन्सरच्या रुग्णांसाठी उपचारपद्धती उभी केली.

मीएको कामिया या जपानी मनोविकारतज्ज्ञ १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून एका बेटावरील कुष्ठरुग्णालयात काम करत होत्या. तेच हाल सोसणाऱ्या माणसांपैकी काही जण पोकळीत जगत होते आणि काही जण भरून जगत होते. हे कशामुळे, या प्रश्नातून त्यांचे इकिगाईवरचे पुस्तक १९६६ मध्ये आले. आपल्याकडे बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांना त्यांनी भिक्षा दिली नाही, जमीन आणि अवजारे दिली. बोटे झडलेल्या हातांनी तिथे विहिरी खणल्या गेल्या आणि शेती उभी राहिली. औषध त्यांनाही लागतच होते. पण औषध मिळालेला माणूस आणि आनंदवनातला माणूस यांत जो फरक होता, तो कोणत्याही गोळीतून येत नाही.

घरात काय करता येईल? कॅनडाचे डॉ. हार्वी चोचिनोव यांनी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी एक पद्धत बसवली. रुग्णाला त्याच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या गोष्टींबद्दल बोलते करायचे, ते ध्वनिमुद्रित करून लिहून काढायचे, त्याला वाचून दाखवायचे आणि मग कुटुंबाला द्यायचे. तिचे घरगुती रूप मोबाइलवर सहज होते. शेताची हद्द कुठून कुठे जाते, लोणच्याला मीठ किती, आजोबांनी गाव का सोडले, कोणाचे काय चुकले आणि कोणाला माफ केले. थकवा येऊ लागला की थांबायचे. एका बैठकीत दहा मिनिटे पुरतात. आणि घरातले निर्णय त्यांना विचारून घ्या. लग्नाची तारीख ठरल्यावर कळवणे वेगळे आणि ठरवताना उशाशी बसून विचारणे वेगळे. बोलता येत नसेल, तर डोळ्यांनी होकार देता येतो. चेहरा पाहून बोला, त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलू नका.

लाइनमन काकांच्या मुलीला मी त्या दिवशी एकच काम दिले : बाबांच्या हातात देता येईल अशी, खरोखर अडलेली एक गोष्ट शोधा. त्यांच्या सोसायटीत पाण्याची मोटर कधी, किती वेळ चालवायची यावरून रोज भांडणे होत होती आणि टाकी वाहून जात होती. जिना चढायची गरज नाही, बटण तळमजल्यावर. मी होकार दिला. वायरिंगच्या कामाला हात लावायचा नाही आणि ओल्या जागी उभे राहायचे नाही, एवढी अट घातली. त्यांनी वही घातली, वेळा लावल्या.

पुढच्या भेटीत मुलगी तक्रार घेऊन आली. बाबा जेवायला बसले की फोन येतो, “काका, चौथ्या मजल्यावर पाणी नाही,” आणि ते ताटावरून उठतात. मी त्यांना जेवणाच्या वेळी फोन बंद ठेवायला सांगितले. ते म्हणाले, “साहेब, जमेल तसं बघतो,” आणि मनगटावरचे घड्याळ पाहिले. साडेअकराला मोटर सुरू करायची होती.